चोपन्न बिजागऱ्या

१

सागवानी तुळया चौदा. चौदाही जागेवर, खालच्या बाजूने काळ्या पडलेल्या. तुळयांखालच्या छताच्या फळ्या: एकही शिल्लक नाही. जिन्याच्या पायऱ्या एकवीसपैकी तीन. छताचे पंखे चार, पाती मऊ होऊन खाली लोंबलेली. पितळी बिजागऱ्या चोपन्न. पितळी मुठी अठरा. कपाटांची कुलपं नऊ. रॉकेलचा स्टोव्ह एक.

एवढं मोजायला मला तीन दिवस लागले. दिवाणखान्याच्या फरशीवर मी दोऱ्याने एक-एक मीटरचे चौकोन आखले होते आणि प्रत्येक चौकोनातली राख वेगळी चाळत होते. हे सगळं एप्रिल २००१मधलं. मी एमएस्सी होऊन वर्ष झालं होतं. बरोबरीची मुलं-मुली संगणकाचे कोर्स करून परदेशी चालली होती आणि मी सदाशिव पेठेतल्या बाळ उकिडवे सरांच्या साहित्य-तपासणी प्रयोगशाळेत विटा फोडत होते.

बंगला जलमापन खात्याचा होता. कालव्याच्या काठी १८७९ साली बांधलेलं अधीक्षकांचं निवासस्थान. शेवटचे अधीक्षक दोन वर्षांपूर्वी औंधच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले, तेव्हापासून तो बंद होता. शिसवी लाकडाची नऊ जुनी कपाटं गोणपाटात गुंडाळून दिवाणखान्यात भिंतीला लावून ठेवली होती. पंचवीस मार्चला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी चार वाजता दिवाणखाना पेटला. पाच वाजता बंब आला आणि तासाभरात आग विझली.

आता खात्याची तीन जणांची समिती बसली होती, आणि सोमवारी, नऊ एप्रिलला, तिला एका कागदावर सही करायची होती. त्याचा मसुदा मी वाचला होता. त्यात दोनच कलमं होती. एक: इमारत दुरुस्तीपलीकडे गेली असल्याने पुनर्बांधणीवर एक कोटी बासष्ट लाखांचा सार्वजनिक पैसा खर्च न करता ती पाडावी आणि जागा माहिती-तंत्रज्ञान संकुलासाठी द्यावी. दोन: आग चौकीदार धोंडिबा मारणे याच्या स्टोव्हमुळे लागली असल्याने त्याला बडतर्फ करावं.

धोंडिबाच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. बडतर्फ झाला तर पेन्शन जाणार होतं, आणि राहती खोलीही.

आम्हाला फक्त अवशेषांची मोजदाद आणि जळिताचा अहवाल द्यायचा होता. मी खात्याच्या जडवस्तू नोंदवहीची झेरॉक्स शेजारी ठेवली. कपाटं नऊ. दारं प्रत्येकी दोन. दर दाराला बिजागऱ्या तीन, मूठ एक. दर कपाटाला कुलूप एक. नऊ गुणिले सहा, चोपन्न.

तंतोतंत जुळलं. मला आनंद झाला.

२

"जुळलं ना सगळं?" उपअभियंता शौनक निजसुरे यांनी विचारलं. आठ महिन्यांपूर्वी त्यांची पुण्याला बदली झाली होती आणि बंगला त्यांच्या ताब्यात होता. वय तेहतीस. टेबलावर संगणक, संगणकावर प्लास्टिकचं आवरण, आवरणावर मोबाईल.

"जुळलं. एकही बिजागरी कमी नाही."

"मग झालं. खरं सांगू? तुमच्यासारख्या हुशार मुलीने कोळसे चाळत बसायचं म्हणजे... हिंजवडीला बघा काय चाललंय. त्या बंगल्यात काय आहे? वाळवी आणि साहेबाचा भूतकाळ. एक कोटी बासष्ट लाखात किती शाळांवर पत्रे बसतील?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मी तो वहीत लिहून घेतला.

"किल्ली कोणाकोणाकडे होती?"

"तिघांकडे. मी, भांडारपाल रंगराव इंगळे आणि चौकीदार. पण किल्लीचा काय संबंध? स्टोव्ह आतच सापडला की."

धोंडिबाची खोली बंगल्याच्या मागे होती. तो मुळशीकडचा, साठीला टेकलेला, पाठीत जरा वाकलेला. मला बसायला सतरंजी घातलेल्या फळीवर जागा दिली आणि स्वतः उंबऱ्यात बसला.

"ताई, मी मंडईत होतो. पाडव्याच्या गाठी, कडुनिंब, झेंडू. गर्दी ही. दोनला गेलो, सव्वाचारला आलो, तवा धूर दिसला."

"स्टोव्ह आत कसा गेला?"

"त्येच इचारतोय मी समद्यास्नी. माझा स्टोव्ह हितंच असतो, ह्या कोपऱ्यात. दिवाणखान्यात मी काय पोहे करणार व्हय? आणि कुनासाठी?"

"मंडईत तुम्हाला कोणी पाहिलं?"

"समद्या पुण्यानं पाह्यलं. नाव कुनाचं सांगू?"

सतरंजीखाली मला काहीतरी टोचलं. मी जरा सरकून बसले, चहा घेतला आणि उठले.

"ताई," तो मागून म्हणाला, "तुमच्या कागदात माझं नाव बसवू नका. मी काडीबी पेटवली न्हाई."

बाहेर पडताना मला वाटलं, माझ्या कागदात तर फक्त आकडे आहेत. पण सोमवारी समिती माझा कागद त्या मसुद्याला जोडणार होती.

३

उकिडवे सरांनी माझं कोष्टक दोनदा वाचलं. सर सदुसष्ट वर्षांचे. शाबासकी दिल्याचं त्यांना स्वतःलाही आठवत नसावं.

"सरकारी नोंदवही आणि सरकारी खोली तंतोतंत जुळली?"

"हो सर."

"चाळीस वर्षांत मी हे पहिल्यांदा ऐकतोय. पेढे वाटायला हवेत." त्यांनी चष्मा काढला. "स्क्रू किती?"

"काय?"

"बिजागरी दाराला थुंकीने चिकटवतात का? एका बिजागरीला सहा स्क्रू. चोपन्नाला तीनशे चोवीस. लोखंडी स्क्रू असल्या आगीत वितळत नाही. किती सापडले?"

नोंदवहीत स्क्रूचा रकाना नव्हता. नोंदवहीने जे मोजायला सांगितलं तेवढंच मी मोजलं होतं.

बाकीची राख पोत्यांत भरून खुणा करून ठेवली होती. ती मी पुन्हा चाळली, या वेळी बारीक चाळणीने. शुक्रवार त्यातच गेला. दिवाणखान्यात एकूण एक्केचाळीस स्क्रू निघाले. एक्केचाळीसही चार इंची, छताच्या फळ्यांचे. बिजागरीच्या भोकात बसेल असा एकही नाही.

"म्हणजे," मी सरांना म्हटलं, "बिजागऱ्या कपाटांवर नव्हत्या. सुट्या आणून टाकल्या. भिंतीलगत नऊ ढिगांत, दर ढिगात सहा. कपाटं आग लागायच्या आधीच बाहेर गेली होती."

"तुळया किती जळल्या?"

"जास्तीत जास्त बारा मिलिमीटर."

"नऊ शिसवी कपाटं तिथे जळाली असती, तर तुळया आज आपल्या डोक्यावर नसत्या. आगीला खायला काही मिळालंच नाही. फळ्या आणि गोणपाट, बस्स." त्यांनी स्टोव्ह उचलून कानाशी हलवला. आतलं रॉकेल डुचमळलं. "आणि भडका उडालेल्या स्टोव्हची टाकी फाटते. ही तर धड आहे. विझवल्यावर कोणी तरी आणून ठेवलाय."

"मग धोंडिबा सुटला."

"कसा? किल्ली त्याच्याकडेही होती. त्यानेच कपाटं विकली, आग लावली आणि घाबरून स्टोव्ह पुढे केला, असं समिती म्हणेल. आत्तापर्यंत तो निष्काळजी होता. तुझ्या स्क्रूंनी त्याला चोर केलं, नीरजा."

४

शनिवारी सकाळी मी पुन्हा धोंडिबाकडे गेले. या वेळी आगीबद्दल विचारलंच नाही.

"काका, त्या नऊ कपाटांबद्दल सांगा. दिसायला कशी होती?"

"नऊ का? नंबर सांगा. नंबरावरनं सांगतो. बावीस वर्षं फडका मारलाय." तो बोटांवर मोजत गेला. "अकरा नंबर, मोठं, वर कोरीव मोर. बारा, त्याला आतनं आरसा. तेरा, पाय एक आखूड, खाली खापरी लावलेली..." असं करत तो पुढे आला. "सतरा, ते उघडंच."

"उघडं म्हणजे?"

"दारंच न्हाईत. त्र्याण्णव सालच्या साहेबांच्या बाईसाहेबांनी काढाया लावली. पुस्तकं दिसाया पायजेत म्हनल्या. अठरा, एकोनीस..."

"थांबा. सतराची दारं कुठे गेली?"

धोंडिबा पहिल्यांदाच अवघडला. खोलीत इकडेतिकडे बघून शेवटी म्हणाला, "ताई, टाकून देनार व्हते. म्हनून म्या... तुम्ही परवा बसला व्हता न्हवं त्याच्यावर."

मी सतरंजी उचलली. विटांवर शेजारी-शेजारी ठेवलेली दोन शिसवी दारं. कडेला पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं 'ज.ख. १७'. सहा बिजागऱ्या, प्रत्येकीत सहा स्क्रू.

त्याच्या परवानगीने मी एक बिजागरी काढून घेतली. प्रयोगशाळेत वजन केलं: एकशे अठ्ठेचाळीस ग्रॅम. राखेतल्या चोपन्न एकेक करून तोलल्या. सगळ्यात हलकी एकशे एकवीस, सगळ्यात जड एकशे तेवीस.

आठ कपाटांना दारं होती. खरा आकडा अठ्ठेचाळीस यायला हवा होता.

५

भांडारपाल रंगराव इंगळे मूळचे खामगावचे, तीस वर्षं पुण्यात. शनिवारी अर्ध्या दिवसाचं कार्यालय, आणि ते डबा उघडून बसले होते. सतरा नंबरचं नाव काढताच त्यांनी डबा बाजूला सारला.

"मॅडम, त्या कपाटाची दारं मी आठ वर्षं तपासतोय. दरवर्षी सुस्थितीत असतात."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्यासमोरच काढली ना. नोंद बदला म्हणून वर लिहिलं. वरून उत्तर आलं, दारं काढण्याची तीन दरपत्रकं जोडा. आता बाईसाहेबांनी सुताराला दोनशे रुपये दिले, त्याची तीन दरपत्रकं कुठून आणू? मग मागच्या वर्षीची यादी पुढे उतरवत गेलो. सगळेच उतरवतात."

"म्हणजे तुम्हीही म्हणाला असतात की बिजागऱ्या चोपन्न."

"एरवी म्हणालो असतो. पण यंदा एकतीस मार्चला बाहेरचं पथक येऊन एकेक वस्तू बघणार होतं. दारं नाहीत म्हटल्यावर वसुली माझ्या पगारातून. म्हणून आधीच लिहून दिलं." त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. "ही माझी प्रत. एकोणीस मार्च."

पत्र चार ओळींचं होतं. सतरा क्रमांकाच्या कपाटास १९९३पासून दारे नाहीत, बिजागऱ्या, मुठी व कुलूप त्याप्रमाणे कमी धरावे. खाली आवक शिक्का. शिक्क्याच्या बाजूला निळ्या शाईत 'पाहिले' आणि सही.

सही शौनक निजसुरे यांची होती.

"साहेबांनी वाचलं?" मी विचारलं.

"मॅडम, दिवसाला साठ टपालं येतात. एका हातात मोबाईल असतो, दुसऱ्याने सही चालू. 'पाहिले' म्हणजे पाहिलं. वाचलं असं कुठे लिहिलंय?"

संध्याकाळी मी राखेतली एक बिजागरी घेऊन कसबा पेठेत गेले. पितळी सामानाची चार दुकानं झाली. पाचव्या दुकानात इंदुबाई नावाच्या बाई गल्ल्यावर होत्या. त्यांनी बिजागरी उलटीपालटी केली.

"आमचीच. जुना घाट. आता कोण घेतं?"

"अलीकडे कोणी घेतल्या?"

"एका साहेबांनी घेतल्या की. शिमग्यानंतर लगेच. मुठी अठरा, कुलपं नऊ आणि ह्या चोपन्न. मी म्हटलं, अहो, डझनावर देतो आम्ही, साठ न्या. नाही, चोपन्नच! कागद बघून सांगत होते. स्क्रू देऊ का म्हटलं, तर म्हणे नकोत." त्या हसल्या. "बिनस्क्रूच्या बिजागऱ्या. म्हटलं, असेल बाबा काही नवीन टेक्निक."

"ओळखाल त्यांना?"

"फोन सारखा कानाला होता. पण ओळखेन. चोपन्न मागणारा माणूस कोण विसरेल?"

६

सोमवारी अकरा वाजता समिती बसली. अध्यक्षा कुसुम नगरकर, अर्थखात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांच्यासमोर तो कागद होता, टोपण काढलेलं पेन होतं. धोंडिबाला दाराशी उभं केलं होतं. इंदुबाई बाहेरच्या बाकावर होत्या.

"अहवाल थोडक्यात सांगा," कुसुमताई म्हणाल्या.

उकिडवे सर माझ्याकडे वळले. "हिने मोजलंय. हीच सांगेल."

मी उभी राहिले. "आधी एक प्रश्न विचारू? निजसुरे साहेब, सतरा नंबरच्या कपाटाला दारं किती होती?"

"दोन," निजसुरे म्हणाले. "नोंदवहीत आहे."

"तुम्ही पाहिली होती?"

"नऊही कपाटं मी स्वतः तपासलीत. सतराची दारं चांगली जड होती."

कोपऱ्यात रंगराव खोकले.

मी दोन्ही दारं आत मागवली. धोंडिबा आणि शिपायाने ती भिंतीला टेकवून ठेवली. मग मी क्रमाने सांगत गेले. राखेत स्क्रू नाहीत, म्हणून कपाटं आधीच गेली. बिजागऱ्या वजनाला सव्वीस ग्रॅमने कमी, म्हणून त्या बाहेरून आणल्या. आणणाऱ्याने नऊ कपाटांच्या आणल्या, म्हणजे सतराला दारं आहेत असं तो धरून चालला होता. किल्ल्या तिघांकडे. धोंडिबा त्या दारांवर रोज झोपतो. रंगरावांनी दारं नसल्याचं आगीच्या सहा दिवस आधी लिहून दिलं, त्यांनी चोपन्न टाकल्या असत्या तर स्वतःच्याच पत्राने ते अडकले असते. राहिला एकच माणूस, ज्याने कपाटं कधी गोणपाटाबाहेर पाहिली नाहीत. विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याची माणसं ती न्यायला आली असतील, तेव्हाही तो तिथे नसणार. त्याच्याकडे फक्त झेरॉक्स होती.

"मला दारं नसल्याचं कळवलंच नव्हतं," निजसुरे पटकन म्हणाले.

कुसुमताईंनी अहवालाला जोडलेलं रंगरावांचं पत्र त्यांच्यापुढे सरकवलं. ते त्यांनी वाचलं, मला वाटतं, पहिल्यांदाच.

"बाहेर कसब्यातल्या इंदुबाई बसल्या आहेत," उकिडवे सर म्हणाले. "त्यांच्याकडे साठच्या हिशेबाने सहा उरल्यात. हव्या असतील तर देतील."

निजसुरेंनी मोबाईल खिशात टाकला. "कपाटं कुजतच होती. चौकीदाराला दिवसभर बाहेरच्या कामाला धाडून ती विकली," ते हळू आवाजात म्हणाले. "एकतीसला पथक आलं असतं. दुसरा मार्ग नव्हता. पण एक सांगतो. मी चोर असेन, तरी पहिलं कलम खोटं होत नाही. तो बंगला उभा करणं म्हणजे लोकांचा पैसा जाळणं आहे."

"जाळण्याबद्दल आपण बोलू नये," कुसुमताई म्हणाल्या. त्यांनी दुसऱ्या कलमावर आडवी रेघ मारली आणि निजसुरेंना बाहेर थांबायला सांगितलं.

धोंडिबाने हात जोडले. पण कुसुमताईंनी पेन खाली ठेवलं नव्हतं.

"बसा. अजून संपलेलं नाही. चोर सापडला म्हणून तुळया मजबूत ठरल्या, असं होत नाही. निजसुरेंचा प्रश्न मलाही पडलाय. एक कोटी बासष्ट लाखांचं समर्थन मी कोणापुढेही करू शकणार नाही, आणि करणारही नाही."

"ते नव्या तुळया धरून आहेत," उकिडवे सर म्हणाले. "जुन्या चालत असतील तर जिना, छत आणि रंग, अडतीस लाख."

"अडतीस लाखांना मी हो म्हणेन. पण चालतात हे कोण सांगणार?"

"तुळयाच सांगतील. सगळ्यात जास्त जळलेली तुळई घेऊ. वरच्या मजल्यावर वाळूची पोती रचू, चोवीस तास ठेवू, वाक मोजू. मग पोती काढू. पंचाहत्तर टक्के वाक परत आला, म्हणजे तेवढी तुळई पुन्हा सरळ झाली, तर ती जिवंत."

"आणि चौऱ्याहत्तर आला तर?"

"तर पाडा. मी स्वतः सही करीन."

कुसुमताईंनी तसं लिहून घेतलं. मग दाराकडे पाहिलं. "धोंडिबा, तुमचं पद बंगल्याच्या आस्थापनेवर आहे. बंगला पाडला तर पद रद्द होईल. बडतर्फी नाही, पण नोकरीही नाही, आणि कायम नोकरीची दहा वर्षं भरायला चौदा महिने कमी पडले तर पेन्शन बसत नाही. मला नियम बदलता येत नाही. हे आत्ताच सांगितलेलं बरं."

"व्हय बाईसाहेब," धोंडिबा म्हणाला. "पोती कुटं टाकायची तेवढं सांगा."

७

पोती त्याने मोजून दिली. पन्नास किलोची एकशे वीस. दोन हमालांच्या बरोबरीने शिडीवरून वर चढवली. मी नको म्हटलं तरी ऐकलं नाही. "माझीच हायेत," एवढंच म्हणाला.

सातवी तुळई सगळ्यात जास्त जळलेली होती, बारा मिलिमीटर. तिच्या मध्याखाली मी वाक मोजायचं डायल गेज लावलं, पाया हलू नये म्हणून तिपाई प्लास्टरने फरशीला पक्की केली. काटा शून्यावर आणला. पहिलं पोतं साडेनऊला ठेवलं. शेवटचं पावणेबाराला.

दर तासाला मी काटा वाचला. रात्री प्रयोगशाळेतल्या संतोषने वाचला. कालव्याला पाणी सोडलं होतं, त्याचा आवाज येत होता. सकाळी धोंडिबा आला तेव्हा त्याने काट्याकडे पाहिलं नाही. चहाचा पेला माझ्या हातात दिला आणि भिंतीशी उकिडवा बसून राहिला.

पावणेबाराला कुसुमताई आल्या, उकिडवे सर आले. पोती उतरवायला दोन तास लागले. शेवटचं पोतं खाली गेल्यावर कोणीही हलायचं नाही, असं सरांनी सांगितलं. आम्ही नियमाप्रमाणे आणखी चोवीस तास थांबलो. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा त्याच जागी जमले. मी गेजसमोर गुडघ्यावर बसले, दोनदा वाचलं, मग संतोषला वाचायला लावलं आणि वहीत लिहिलं.

तुळई क्रमांक ७. भाराखालचा वाक, चोवीस तासांनंतर: ९.४० मिलिमीटर. भार काढल्यानंतर उरलेला वाक, चोवीस तासांनंतर: १.७० मिलिमीटर. परत आलेला वाक: ७.७० मिलिमीटर, ८१.९ टक्के. किमान हवा: ७५ टक्के.